वेग सातशे, पण कोणत्या उंचीवर? लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमधील आकडे वाचण्याची रीत

मे महिन्याच्या सुट्टीत निपाणीहून आलेला माझा भाचा आमच्या बेळगावच्या घरी पहिल्यांदाच संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरसमोर बसला, तेव्हा विमान निवडण्याची त्याची रीत अगदी सरळ होती. यादीतल्या प्रत्येक विमानाचा कमाल वेग वाचायचा आणि ज्याच्यापुढे सर्वांत मोठा आकडा असेल ते घ्यायचे. त्याने अमेरिकन पी-५१डी मस्टँग घेतले, कारण त्याच्यापुढे ताशी ७०३ किलोमीटर असे लिहिले होते. टाक्या काठोकाठ भरल्या, झाडांच्या शेंड्यांवरून विमान पळवले आणि दहा मिनिटांनी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, “मामा, सातशेचं विमान घेतलोय बघ, तरी मागचा सोडंना झालाय!” मागे लागले होते ते जर्मन मेसरश्मिट १०९.

आकडा खोटा नव्हता. मस्टँगचा ७०३ हा वेग सुमारे ७,६०० मीटर उंचीवरचा आहे. समुद्रसपाटीलगत तेच विमान त्याहून सुमारे शंभर किलोमीटरने मंद असते, आणि भाचा जमिनीपासून जेमतेम शंभर मीटरवर होता. विमानाच्या माहितीपत्रकातला कोणताही आकडा एकटा नसतो. त्याच्याबरोबर उंची, वजन, इंजिनाची स्थिती आणि हवेची स्थिती अशा अटी बांधलेल्या असतात, आणि त्या अटी वाचल्याशिवाय आकडा वाचला असे म्हणता येत नाही. त्या सुट्टीत ज्या क्रमाने मी भाच्याला हे शिकवले, साधारण त्याच क्रमाने इथे मांडतो. उदाहरणे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या पंख्याच्या विमानांची आहेत, कारण नवख्याला आकड्यांमागचे कारण त्यांच्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

आधी सर्व मापे एका परिमाणात आणा

ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांचे आकडे मैल, फूट आणि पौंडांत असतात, जर्मन आणि रशियन विमानांचे किलोमीटर आणि मीटरमध्ये, आणि आधुनिक जेट विमाने नॉटमध्ये बोलतात. तुलना करण्यापूर्वी हे सर्व एकाच परिमाणात आणून वहीत लिहावे. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, आणि मिनिटाला १,००० फूट चढाई म्हणजे सेकंदाला सुमारे ५ मीटर. एवढे चार गुणक पाठ असले की बहुतेक काम भागते.

इंजिनाच्या दाबाचे आकडे मात्र जास्त फसवतात. ब्रिटिश स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाच्या काट्यावर ‘+१८ पौंड’ दिसते, मस्टँगमधल्या, अमेरिकेत बांधलेल्या मर्लिनच्या काट्यावर ‘६७ इंच’ दिसते, आणि हे दोन्ही जवळजवळ एकच दाब आहेत, कारण ब्रिटिश मापक वातावरणाच्या दाबापेक्षा किती अधिक तेवढेच सांगतो आणि अमेरिकन मापक एकूण दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतो. जर्मन मापक एकूण दाब वातावरणाच्या पटीत सांगतो, त्यावर हाच दाब २.३ च्या आसपास दिसला असता. मेसरश्मिट १०९ जी-६ च्या डेमलर-बेंझ इंजिनाचा कमाल दाब १.४२ आहे हे वाचून ते इंजिन दुबळे आहे असे कोणी समजू नये. इंजिनाचा आकार, आतले संपीडन आणि वापरले जाणारे पेट्रोल वेगळे असल्यामुळे दोन वेगळ्या इंजिनांच्या दाबांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

वेगाचे दोन आकडे : दर्शित आणि खरा

नवखे सर्वांत जास्त इथेच अडखळतात, म्हणून इथे जरा थांबू.

विमानातला वेगमापक चाकाच्या फेऱ्या मोजत नाही. समोरून आदळणारी हवा किती दाब देते ते तो मोजतो आणि त्यावरून काटा हलवतो. हवा दाट असेल तर कमी वेगातही काटा पुढे जातो, आणि हवा विरळ असेल तर तोच काटा तेवढाच पुढे यायला विमानाला प्रत्यक्षात अधिक वेगाने जावे लागते. काट्यावर दिसतो तो दर्शित वेग आणि हवेतून विमान प्रत्यक्ष कापते तो खरा वेग. समुद्रसपाटीला प्रमाण हवेत हे दोन्ही सारखे असतात. ६,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ५४ टक्के उरते, आणि तिथे काट्यावर ताशी ४०० किलोमीटर दिसत असतील तर विमान प्रत्यक्षात सुमारे ५४५ किलोमीटर वेगाने जात असते.

हे आपल्या भागात डोळ्यांनी पाहता येते. बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विमानतळ १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने उभारला, आणि तो समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी तिथे तापमान ३६ अंशांवर गेले, की उंची आणि उष्णता मिळून हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी घटते. विमानाच्या दृष्टीने त्या दुपारी सांबऱ्याची धावपट्टी ७५८ मीटरवर नसून सुमारे १,६५० मीटरवर असते. काट्यावर १६० दिसल्यावर जमीन सोडणारे विमान त्या वेळी प्रत्यक्षात १७३ च्या वेगाने धावत असते, त्याला लांब धावावे लागते आणि उठल्यावरही ते आळसावल्यासारखे चढते. मी विमानतळाजवळच्या रस्त्याला उभा राहून डिसेंबरच्या सकाळचे उड्डाण आणि एप्रिलच्या दुपारचे उड्डाण अनेकदा पाहिले आहे. फरक कळायला मोजपट्टी लागत नाही. सिम्युलेटरमध्येही मोहिमेचे तापमान बदलले की हाच परिणाम होतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या नकाशावर विमान माहितीपत्रकापेक्षा मंद वाटले तर खेळात बिघाड आहे असे समजू नये.

व्यवहारात लक्षात ठेवायचे ते एवढे : माहितीपत्रकातला कमाल वेग जवळजवळ नेहमी खरा वेग असतो, तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत), फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा उघडण्याची मर्यादा आणि सुळकी मारतानाची कमाल मर्यादा हे आकडे बहुधा दर्शित वेगाचे असतात, कारण पंखाला आणि सांगाड्याला हवेचा दाबच जाणवतो. ‘पत्रकात ६४० आहे आणि माझा काटा ४७० च्या पुढे जात नाही’ अशी तक्रार ज्यांची असेल त्यांनी आधी उंची पाहावी. ६,००० मीटरवर ४७० दर्शित म्हणजे ६४० खरे, तेव्हा विमान आपले काम नेमके करत असते.

कमाल वेग हा एक आकडा नसून एक रेषा आहे

वर जावे तशी हवा विरळ होते, म्हणून पंख्याला आणि पंखाला होणारा विरोध कमी होतो, पण इंजिनालाही श्वास कमी पडतो. हा श्वास भरून काढण्यासाठी सुपरचार्जर असतो, जो हवा दाबून इंजिनात भरतो. एका ठरावीक उंचीपर्यंत तो ठरलेला दाब टिकवू शकतो आणि त्यापुढे शक्ती घसरत जाते. विमानाचा कमाल वेग साधारण याच उंचीच्या आसपास मिळतो, म्हणून पत्रकात वेगाच्या शेजारी लिहिलेली उंची ही त्या इंजिनाची आवडती उंची समजावी.

मर्लिनच्या नंतरच्या प्रकारांत सुपरचार्जरला दोन गिअर होते. त्यामुळे उंची आणि वेग यांचा आलेख काढला तर दोन शिखरे दिसतात आणि मध्ये एक खळगा. डेमलर-बेंझच्या सुपरचार्जरला गिअरऐवजी तेलाची जोडणी होती, तिची फिरत उंचीनुसार हळूहळू बदलत असे, म्हणून त्या आलेखात असा खळगा नसतो. याचा उपयोग साधा आहे : प्रतिस्पर्ध्याचे इंजिन ज्या उंचीवर दोन शिखरांच्या मध्ये असेल आणि आपले जोमात असेल, त्या उंचीवर त्याला गाठावे. यासाठी पत्रकातला एक आकडा पुरत नाही, निदान तीन उंचींवरचे वेग हवेत. आयएल-२ ग्रेट बॅटल्स या सिम्युलेटरच्या माहितीपत्रकात समुद्रसपाटी आणि वरच्या उंचींचे वेग वेगवेगळे दिलेले असतात. वॉर थंडर या खेळाच्या पत्रकात मात्र मोठ्या अक्षरांत एकच वेग असतो आणि उंची शेजारी बारीक. ती बारीक उंची आधी वाचावी. त्या खेळात सुधारणा न बसवलेल्या आणि सर्व सुधारणा बसवलेल्या विमानाचे आकडेही वेगळे असतात, हे नव्याने सुरुवात करणाऱ्याला ठाऊक नसते आणि मग आकडा खरा असूनही तो आपला नसतो.

इंजिनाची स्थिती आणि पोटातले पेट्रोल

आकडा कोणत्या शक्तीवर मोजला ते पाहावे. सलग चालवण्याची शक्ती, लढाईची शक्ती आणि आणीबाणीची शक्ती अशा पायऱ्या असतात, आणि वरच्या पायऱ्यांना वेळेची मर्यादा असते. मर्लिनचा +१८ पौंड दाब किंवा मस्टँगचा ६७ इंच दाब पाच मिनिटांसाठीच मान्य होता. पत्रकातला कमाल वेग या पाच मिनिटांतला असेल, तर सहाव्या मिनिटाला तो वेग आपला नाही. शिवाय इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरची झडप उघडी असली की हवेचा विरोध वाढतो आणि वेग घटतो. आकडा बंद झडपेचा आणि आपण उघड्या झडपेने उडतो, असे नेहमी होते.

वजनाचे तसेच. मस्टँगच्या पोटात आणि पंखांत मिळून २६९ अमेरिकन गॅलन, म्हणजे १,००० लिटरहून थोडे अधिक पेट्रोल मावते आणि त्याचे वजन सव्वासातशे किलोंच्या आसपास जाते. स्पिटफायर मार्क ९ मध्ये ८५ ब्रिटिश गॅलन, म्हणजे पावणेतीनशे किलोंच्या आसपास. मस्टँग जर्मनीपर्यंत जाऊन परत येण्यासाठी बनवलेले होते, त्याला ते पेट्रोल लागतच असे. पण वीस मिनिटांच्या झटापटीसाठी टाक्या काठोकाठ भरल्या तर आपण निरर्थक ओझे वाहतो. त्यातही वैमानिकाच्या मागची ८५ गॅलनची टाकी भरलेली असली की विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि ते वळणात अस्थिर होते. भाच्याने नेमके हेच केले होते. टाक्या चाळीस टक्क्यांवर आणल्या आणि तेच विमान त्याला वेगळे वाटू लागले.

चढाईचा दर : सर्वांत बोलका आकडा

माझे मत विचाराल तर नवख्याने कमाल वेगापेक्षा हा आकडा आधी शिकावा. गळीत हंगामात राष्ट्रीय महामार्गावर निपाणीजवळच्या तवंदी घाटात उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पाहा, आणि कारखान्यावर ऊस टाकून रिकामा परतणारा तोच ट्रॅक्टर पाहा. सपाट रस्त्यावर दोघांच्या वेगात फारसा फरक जाणवत नाही. घाट लागला की मात्र एकाच्या मागे वाहनांची रांग लागते आणि दुसरा सहज वर निघून जातो. सपाटीवर इंजिन केवळ विरोधाशी झगडते. चढणीवर, विरोध भागवून उरलेली शक्ती किती आणि ती किती वजनासाठी, हे उघडे पडते. चढाईचा दर हा विमानाचा घाट आहे.

हिशेब करून पाहू. सुमारे ३,४०० किलो वजनाचे विमान, म्हणजे साधारण स्पिटफायर मार्क ९ एवढे, सेकंदाला २० मीटर चढत असेल, तर ते वजन वर उचलण्यातच सुमारे ९०० अश्वशक्ती खर्च होत असते. हवेचा विरोध भागवून झाल्यानंतर उरलेली ही शक्ती आहे. लढाईत वळणे घेताना वेग घटतो आणि तो भरून काढायला हीच उरलेली शक्ती कामी येते, म्हणून चढाईचा दर मोठा असलेले विमान झटापटीत लवकर दम धरते. अमेरिकन हवाई दलातील जॉन बॉइड आणि गणितज्ञ थॉमस ख्रिस्ती यांनी १९६० च्या दशकात याच कल्पनेवर ऊर्जा आणि हालचालींचा सिद्धांत मांडला आणि पुढच्या लढाऊ विमानांच्या रचनेवर त्याचा खोल परिणाम झाला.

त्या सिद्धांतातली एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहिण्यासारखी आहे. उंची आणि वेग ही एकाच धनाची दोन रूपे आहेत आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर करता येते. खऱ्या वेगाचा सेकंदाला मीटरमध्ये वर्ग करावा आणि १९.६२ ने भागावे. उत्तर येते ते त्या वेगाच्या मोबदल्यात मिळू शकणारी उंची. ताशी ५४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५० मीटर, त्याची उंची सुमारे १,१४७ मीटर. ताशी ३६० म्हणजे सेकंदाला १०० मीटर, त्याची उंची सुमारे ५१० मीटर. आता एक विमान ३,००० मीटरवर ३६० च्या वेगाने आणि दुसरे २,४०० मीटरवर ५४० च्या वेगाने जात आहे असे समजा. पहिले सहाशे मीटर वर आहे म्हणून नवखा त्यालाच वरचढ समजतो. हिशेबाने पहिल्याचे एकूण धन ३,५१० मीटर आणि दुसऱ्याचे ३,५४७ मीटर भरते. खालचे विमान नाक वर करून जवळजवळ त्याच्या बरोबरीला येऊ शकते. हे कळले त्या दिवसापासून भाच्याने खाली दिसणाऱ्या प्रत्येक विमानावर डोळे मिटून झेप घेणे सोडले.

पत्रकातला चढाईचा दर एका विशिष्ट वेगावरचा असतो. त्याहून हळू किंवा जोरात चढले तर तो मिळत नाही. वेग खर्चून एकदम उसळी मारणे म्हणजे चढाईचा दर नव्हे, ती साठवलेल्या धनाची उचल आहे.

वळणाचे आकडे

पत्रकात ‘वळण २० सेकंद’ असे लिहिलेले असते, म्हणजे पूर्ण फेरीला २० सेकंद. ही फेरी उंची आणि वेग न गमावता, सलग घेता येईल अशी असते, आणि ती बहुधा समुद्रसपाटीजवळची व एका ठरावीक वेगाची असते. वर जावे तसा फेरीचा वेळ वाढतो.

सेकंदांबरोबर वेगही पाहावा. दोन विमाने २० सेकंदांत फेरी पुरी करतात, पण एक ३०० च्या वेगाने आणि दुसरे ४०० च्या. पहिल्याच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे २६५ मीटर येते आणि दुसऱ्याची सुमारे ३५४ मीटर. पहिल्याच्या वैमानिकावर सुमारे २.८५ पट गुरुत्वाचा भार येतो, दुसऱ्यावर ३.७ पट. आकडा सारखा, पण एकाचे वर्तुळ आवळलेले आणि दुसऱ्याचे ऐसपैस. पहिल्याने आत शिरून नेम धरावा, दुसऱ्याने त्या छोट्या वर्तुळात अडकू नये.

एका सेकंदाच्या फरकाला किती महत्त्व द्यावे, हाही हिशेब करून ठरवावा. समजा दोन विमाने वर्तुळाच्या समोरासमोरच्या टोकांना आहेत. एक २० सेकंदांत फेरी घेते, दुसरे २१ सेकंदांत. पहिल्याला दुसऱ्याच्या शेपटीमागे यायला २१० सेकंद, म्हणजे साडेदहा फेऱ्या लागतील, आणि साडेतीन मिनिटे अचूक वळत राहणारा वैमानिक सहसा सापडत नाही. फरक चार सेकंदांचा असेल, २० विरुद्ध २४, तर एका मिनिटात तीन फेऱ्यांत काम होते. म्हणून एका सेकंदाच्या फरकासाठी विमान बदलू नये, चार सेकंदांचा फरक असेल तर मात्र त्याच्याशी वळणात पडू नये.

पंखभार, म्हणजे वजनाला पंखाच्या क्षेत्रफळाने भागून येणारा आकडा, या सर्वांचे मूळ सांगतो. जपानी झीरो ए६एम२ चा पंखभार चौरस मीटरला सुमारे १०७ किलो आहे, स्पिटफायर मार्क ९ चा सुमारे १५०, मेसरश्मिट १०९ जी-६ चा १९५ च्या आसपास, मस्टँग पी-५१डी चा २१० च्या आसपास आणि फॉके-वुल्फ १९० ए-८ चा २४० च्या आसपास. पंखभार कमी असेल तर स्टॉलचा वेग कमी आणि वर्तुळ लहान, असा साधारण नियम आहे. स्टॉलचा वेग वळणातल्या गुरुत्वाच्या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, हेही सोबत शिकून घ्यावे. सरळ उडताना १५० ला स्टॉल होणारे विमान चारपट भाराच्या वळणात ३०० लाच स्टॉल होते. ‘दोनशेऐंशीचा वेग होता, तरी विमान पडले’ याचे उत्तर यात आहे.

जे पत्रकात नसते

अलास्कातल्या अकुटान बेटावर १९४२ मध्ये एक झीरो जवळजवळ शाबूत अवस्थेत अमेरिकेच्या हाती लागले आणि दुरुस्त करून त्याच्या चाचण्या झाल्या. कागदावर अजिंक्य वाटणारे हे विमान वेग २०० नॉटच्या पुढे गेला की आडवे व्हायला कष्ट घेते, त्याच्या एलेरॉन, म्हणजे विमानाला कुशीवर वळवणाऱ्या पंखांवरच्या झडपा, जड होतात, आणि नाक झटकन खाली दाबले की इंजिन अडखळते, हे त्या चाचण्यांत कळले. अमेरिकन वैमानिकांना यातून एक साधी सूचना मिळाली : वेग वाढवून सुळकी मारा आणि मग कूस बदला. वळणाच्या आकड्यात यातले काहीही दिसले नसते.

कूस बदलण्याचा वेग, ज्याला सर्व सिम्युलेटर रोल म्हणतात, तो प्रत्येक वळणाची पहिली पायरी आहे, कारण आधी आडवे व्हावे लागते आणि मगच वळता येते. पंखभारात मागे असलेले फॉके-वुल्फ १९० या बाबतीत इतके तरबेज होते, की वळणाचा दिशाबदल करूनच ते हातातून निसटत असे. मर्लिनच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरचेही तसेच. नाक एकदम खाली दाबले की पेट्रोल वर उसळून इंजिन खोकत असे, आणि जर्मन वैमानिक याचा फायदा घेऊन सुळकी मारून निसटत. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी एक छिद्र असलेली लहानशी चकती बसवून हा दोष बराच आटोक्यात आणला. मर्लिन बसवलेली हरिकेन आणि स्पिटफायर विमाने पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनीही उडवली, म्हणून सिम्युलेटरमध्ये ती उडवताना मला वेगळीच आपुलकी वाटते.

स्वतः मोजा

वाचून झाल्यावर हातात वही घ्यावी. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये टीएफ-५१डी हे निःशस्त्र मस्टँग फुकट मिळते, म्हणून पहिली मोजणी त्याच्यावर करता येते. मोहीम अशी तयार करावी : तापमान समुद्रसपाटीला १५ अंश, दाब प्रमाण, वारा शून्य, पेट्रोल पन्नास टक्के, खाली समुद्र किंवा सपाट जमीन. मग १,००० मीटरच्या खाली विमान स्थिर करून ठरलेल्या चढाईच्या वेगावर नाक धरावे, ठरलेल्या दाबावर थ्रॉटल ठेवावा, आणि काटा १,००० मीटरवरून जाताना मोबाइलवरचे घड्याळ चालू करून ३,००० मीटरवर थांबवावे. १२५ सेकंद लागले तर सरासरी दर सेकंदाला १६ मीटर. तीनदा मोजावे, कारण पहिल्या खेपेला वेग नक्कीच वरखाली होतो. भाचा दुसऱ्या खेपेला २,८०० मीटरवर असताना आमच्याकडची वीज गेली. तेव्हापासून ज्यांच्याकडे यूपीएस नाही त्यांना मी सांगतो, की प्रत्येक मोजणी झाल्याझाल्या आकडा कागदावर उतरवावा, संगणकातल्या नोंदीवर विसंबू नये.

वेगासाठी एका उंचीवर सरळ उडावे आणि काटा पूर्ण एक मिनिट हलला नाही की मगच आकडा लिहावा. विमानाला शेवटचे दहा-वीस किलोमीटर मिळवायला फार वेळ लागतो आणि नवखा तिथेच घाई करतो. वळणासाठी दूरची एखादी टेकडी किंवा होकायंत्रावरचा अंश खूण म्हणून धरावा, तीन सलग फेऱ्या घ्याव्यात आणि एकूण वेळेला तीनने भागावे. फेऱ्यांच्या शेवटी उंची शंभर मीटरने घटली असेल तर ती मोजणी बाद धरावी, कारण उंची विकून वळण विकत घेतलेले असते.

भाच्याच्या वहीत आता प्रत्येक विमानाला एक पान आहे. वर विमानाचे नाव, पेट्रोल, दाब आणि तापमान. खाली समुद्रसपाटी, ३,००० आणि ६,००० मीटर असे तीन रकाने, आणि प्रत्येकात वेग, चढाई व फेरीचा वेळ. दोन विमानांची पाने शेजारी ठेवली की कोणाशी कोणत्या उंचीवर भिडावे हे तो आता स्वतः ठरवतो. पानाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात त्याने मोजणीची तारीख आणि सिम्युलेटरची आवृत्तीही लिहिली आहे, कारण दर नव्या आवृत्तीत एखाद्या विमानाचे इंजिन किंवा हवेचा विरोध निर्माते बदलतात, आणि मग त्या विमानाचे पान खोडून मोजणी पहिल्यापासून करावी लागते.